पेशी कुणाच्या बाजूच्या

सर,

तुमच्या घरच्या कुत्र्यांविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे, आणि ती ऐकून घेण्याचा अधिकार तुमच्याशिवाय कुणालाच नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या त्या पहिल्या तांबड्या कुत्रीच्या लेकीच्या लेकीची लेक आता म्हातारी झाली आहे, तरी तिला अजून मराठी कळत नाही. म्हणजे कळतं, पण ऐकायचं नसतं. परवा माझ्या बारामतीच्या दवाखान्यात माझा मदतनीस तिला 'बस' म्हणाला, तर ती उभी राहिली. 'बस गं माझी बाय' म्हणाला, तर तिने दात दाखवले. मी आत हात धूत होतो. तिथूनच 'उपविश' म्हणालो, आणि बाई शेपूट आवरून पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या बसल्या. बाहेर वासरू घेऊन आलेला एक शेतकरी दारातून बघत होता. "डाक्टर, मंतर मारला व्हय?" म्हणाला. आता मदतनिसाची अवस्था बघा. साखर कारखान्यातून निवृत्त होऊन, नातवंडं खेळवायच्या वयात तो माझ्याकडे कामाला आला, आणि त्याला आज्ञार्थ पाठ करावा लागतोय. एक्सरेच्या टेबलाशेजारी त्याने भिंतीवर खडूने 'शेष्व' असं लिहून ठेवलंय, म्हणजे 'झोप'. तो त्याचा उच्चार 'शेस्व' असा करतो, आणि कुत्री अर्धीच झोपते. तुम्ही असता तर त्याला उभं करून घोकून घेतलं असतं. या सगळ्याला जबाबदार कोण, हे मी लिहीत नाही. तुम्हाला ते पुरेसं ठाऊक आहे.

गंमत म्हणजे ही कुत्री तुम्ही गेल्यानंतर जन्मली. तिला ही भाषा काकूंनी शिकवली. मी एकदा काकूंना म्हणालो, "काकू, सरांनी तुम्हालाही संस्कृत शिकवलं म्हणायचं की." काकू भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमाला कुठलं संस्कृत येतंय? ही कुत्र्याची भाषा हाय." आयुष्यभर ज्या भाषेच्या सन्मानासाठी तुम्ही भांडलात तिची पळसदेवच्या स्वयंपाकघरात अशी नोंद झालेली आहे. मी त्यात दुरुस्ती सुचवली नाही. सुचवण्याची माझी हिंमत नाही.

आता ती दवाखान्यात कशासाठी आली होती, ते सांगतो. होळीच्या आधी काकू तिच्या पोटाच्या गोचिड्या काढत होत्या, तेव्हा शेवटच्या सडापाशी त्यांच्या बोटाला गाठ लागली. काकूंनी निदान केलं, 'दगडी'. आपल्या भागात गाय पाळणाऱ्या प्रत्येक घराला दगडी माहीत असते. गाईची कास सुजून दगडासारखी होते आणि दूध नासतं. त्यावरचा उपाय तर पोरालाही तोंडपाठ असतो. कोरफड, हळद आणि चुना वाटायचा आणि कासेला लेप द्यायचा. गाईला त्याने खरंच बरं वाटतं, मी स्वतःही तो सांगतो. पण जिने कित्येक वर्षांत पिल्लांना पाजलं नाही त्या कुत्रीला दगडी कुठून होणार? काकूंचं उत्तर तयार होतं. "आतलं जुनं दूध ऱ्हायलं आसंल." तेव्हा रोज लेप. कुत्री तो चाटून काढी, काकू पुन्हा लावत. मी एका रविवारी गेलो, तर अंगणात एक हळद लागलेली नवरी बसलेली. गळ्यापासून शेपटीपर्यंत पिवळीधमक. मी इतका हसलो की काकू रागावल्या. मग मी खाली बसून पोटाखाली हात घातला, आणि माझं हसणं थांबलं.

"काकू, ही दगडी न्हाय," मी म्हणालो. तुमच्या घरात शिरलो की माझीही भाषा बदलते, तुम्हाला माहीत आहे.

"मग काय हाय?"

"गाठ हाय."

"दगडीत बी गाठच आसती की."

"ही दुसरी गाठ."

काकूंनी हळदीची वाटी पदराआड घेतली. जणू कुणी चोरी पकडली होती. "म्हंजी आमी येवढे दिस उगं रंगवत बसलो व्हय तिला," म्हणाल्या. दोन दिवसांनी त्या तिला घेऊन बारामतीला आल्या, शेजाऱ्यांच्या छोट्या टेम्पोत, ढोबळी मिरचीच्या क्रेटांच्या मधे बसून.

इथे तुमच्याशी झालेला एक वाद उकरून काढल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मी नुकताच डॉक्टर झालो होतो, नव्या माणसाच्या अंगात असतो तेवढा उत्साह होता. तुमच्या ओट्यावर बसून मी सांगत होतो की कुत्री वयात येण्याआधीच तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले, तर तिला स्तनाच्या गाठी क्वचितच होतात. तुम्ही ऐकून घेतलंत. चष्मा काढलात, धोतराच्या सोग्याला पुसलात, पुन्हा लावलात. मग म्हणालात, "एकदा तरी विऊ द्यावं. आई व्हायच्या आधीच ते काढून घ्यायचं? ती विचारायला आली होती का तुझ्याकडे?" मी म्हणालो, "सर, ती कशालाच विचारायला येत नाही." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच आपण जपून वागायचं." वाद संपला. तुमच्या घरात सगळे वाद असेच संपायचे. शेवटचं वाक्य तुमचं, चहा काकूंचा. तुमच्यामागे काकूंनी तो नियम देवघरात ठेवावा तसा जपला. देवघर तुमच्याकडे नव्हतं ही गोष्ट वेगळी. बुद्धाच्या तसबिरीशेजारी जागा केली असेल. मी तुमच्यावर खटला भरत नाही, सर. ऑपरेशन झालं असतं तर गाठ झालीच नसती, असं छातीठोक मला सांगता येत नाही. फक्त वाद तुम्ही जिंकलात आणि निकाल तुमच्यामागे लागला, एवढं तुमच्या कानावर घालतो.

तुमची रविवारची शिकवणी स्वयंपाकघरात असायची. पुढच्या खोलीत पाहुणे येतात, अभ्यास मोडतो, असं तुम्ही सांगत होतात. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. तुम्हाला चुलीपाशी बसायला आवडायचं. मी आमच्या मळ्यावरून सायकल मारत येतो, घामाघूम होतो, काकू आधी पाणी देतात आणि मग तुम्ही धातू देता. तांबडी कुत्री माझ्या मांडीला टेकून पडलेली आहे, तिची पिल्लं लुचतायत, आणि मी पुस्तकाऐवजी तिच्या पोटाकडे बघतोय. तुम्ही थांबता. "तुला रूपं पाहिजेत का पिल्लं?" मी खाली मान घालतो. तुम्ही रागावत नाही. पिल्लू उचलून माझ्या हातात देता आणि म्हणता, "हे धरून म्हण. बघू कोण आधी झोपतंय."

तुम्ही संस्कृत का शिकवता, हा प्रश्न लोक तुम्हाला दोन्हीकडून विचारत. तुमचे भाऊबंद म्हणत, "आपल्याला ही भाषा कशाला?" शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत काही जण कुजबुजत, "ह्यांना ही भाषा कशाला?" प्रश्न एकच होता, फक्त सर्वनाम बदलत होतं. तुम्ही दोघांनाही एकच उत्तर द्यायचात, आणि ते पुस्तकी भाषेत द्यायचा नाहीत. "आवडती म्हणून." माझ्या वडलांनीही विचारलं होतं. त्यांना वाटत होतं, पोरानं गणिताची शिकवणी लावावी. तुम्ही इंदापूरच्या बाजारात त्यांना गाठलंत, आमच्या डाळिंबाच्या क्रेटवर बसलात, अर्धं डाळिंब खाल्लंत आणि म्हणालात, "गणित त्याला येतंच. हे येत न्हाय, म्हणून शिकवतो." वडील घरी येऊन म्हणाले, "मास्तर बरा हाय. फुकट डाळिंब खाऊन बी लाजला न्हाय."

एक रागावणं मात्र माझ्या कायम उपयोगी पडलं. नववीत होतो. तुम्ही एक रूप विचारलंत आणि मी सगळी विभक्ती एका दमात धाडकन म्हणून टाकली. मधे कुठेतरी चुकलो होतो, पण वेगात ते खपून गेलं, असं मला वाटलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, "विभक्ती म्हणतोयस का लिलाव पुकारतोयस? हळू म्हण. वेग कमी केला की चूक आपणहून बाहेर येते." मग सगळ्या वर्गासमोर मला एकेक रूप म्हणायला लावलंत, दोन रूपांच्या मधे श्वास घेऊन. त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता की येताना तुमच्या सायकलची हवा सोडावी असं मनात आलं. सोडली नाही, कारण तुम्ही सायकल चालवतच नव्हता, एसटीने येत होता. आज सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली की मी एकेक भाग तसाच बघतो, मधे श्वास घेऊन.

आणि ते बूट. पशुवैद्यकीय महाविद्यालयात माझा नंबर लागला तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही एखादा ग्रंथ द्याल, पहिल्या पानावर आशीर्वाद लिहून. तुम्ही कागदात गुंडाळलेलं एक जाडजूड पुडकं दिलंत. त्यातून काळे रबरी गमबूट निघाले, माझ्या मापापेक्षा मोठे. "डॉक्टर होशील तेव्हा होशील. आधी शेणात उभं राहायचंय," म्हणालात. काकू आतून ओरडल्या, "आवो, पोराला पेढा तरी द्या!" तर तुम्ही म्हणालात, "पेढा पायात घालता येत न्हाय." माप मोठं का, असं विचारल्यावर, "पाय वाढेल." एकोणीस वर्षांच्या मुलाचा पाय वाढत नाही, सर. दोन मोजे घालून मी ते शिक्षण संपेपर्यंत वापरले.

असो. ऑपरेशन मी केलं. भूल देण्याआधी ती टेबलावर थरथरत होती, तेव्हा तिच्या कानाशी वाकून 'मा भैषीः' म्हणालो, भिऊ नकोस. ते काकूंनी तिला शिकवलेलं नाही, तिला त्याचा अर्थ कळायचं कारण नाही. पण म्हटल्याशिवाय माझ्याच्याने सुई टोचवेना. गाठीसकट त्या बाजूची मागची सडं काढली, रोग पसरलाय का ते कळावं म्हणून जांघेतली लसिकाग्रंथीही घेतली, आणि सगळं तपासणीला पाठवलं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, ती आता प्रयोगशाळेत असल्याच गाठी बघत असते. तिचा अहवाल आला. कर्करोग आहे, फार माजलेला नाही, पण साधाही नाही. जांघेतली ग्रंथी स्वच्छ. आणि खाली एक ओळ होती: गाठीच्या कडेने व आतही रोगप्रतिकारक पेशींची मोठी गर्दी.

त्या ओळीने मला धरून ठेवलं. मी तिच्याकडून एक काचपट्टी मागवली आणि गोचीडतापाचे जंतू बघायच्या माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तुम्ही हे बघायला हवं होतं, सर, तुम्हाला रंग आवडायचे. सगळं गुलाबी आणि जांभळं. गाठीच्या पेशी बेशिस्त, एक एवढी तर शेजारची तेवढी, कुणाचा कुणाला पायपोस नाही. आणि त्यांच्या कडेने, मधल्या बोळांतून, बारीक गोल गडद दाणे, ताटात मोहरी सांडावी तसे. त्या लिम्फोसाइट, शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी. मधूनमधून मोठ्या, फिकट, फेसाळ पोटाच्या मॅक्रोफेज, ज्या एरवी मेलेलं-सडलेलं खाऊन जागा साफ करतात. मी बराच वेळ बघत होतो. या म्हाताऱ्या कुत्रीच्या अंगातून एवढी फौज त्या गाठीपाशी धावून आली होती, कुणीही न बोलावता. मला वाटलं, मदत पोचली. मी मैत्रिणीला फोन लावला.

"एवढ्या लिम्फोसाइट आल्यात म्हणजे चांगलंच ना?"

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "कुत्रीच्या या गाठींत ते इतकं सरळ नसतं. त्यातल्या काही गाठीला मारायला येतात. काही येतात त्या मारणाऱ्यांना आवरायला, राहू द्या, शांत व्हा म्हणायला. या दुसऱ्या वाढल्या की बहुतेकदा गाठीचं फावतं. आणि मॅक्रोफेज म्हणशील, तर गाठ त्यांना आपल्याच कामाला जुंपते. त्या तिला नव्या रक्तवाहिन्या काढायला मदत करतात."

"मग या कुठल्या?"

"या रंगात सगळ्या सारख्याच दिसतात. जात कळायला खास रंग लावावे लागतात."

"प्रकार म्हण," मी म्हणालो.

"काय?"

"जात नको. प्रकार म्हण."

ती पलीकडे हसली. "तुझे ते सर ना?" तिने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. पण वसतिगृहात माझे गमबूट सगळ्यांनी पाहिले होते, तेव्हा तुम्ही कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग ती जरा गंभीर झाली. "प्रकार कळले तरी तू वेगळं काय करणार आहेस? आज आपल्या हातात चाकूशिवाय फारसं काही नाही." ते खरं होतं. तरी मी म्हणालो, कर तपासणी.

पुढच्या रविवारी टाके बघायला पळसदेवला गेलो. धरणाचं पाणी खूप मागे गेलंय, जुनं देऊळ कळसापासून पायथ्यापर्यंत उघडं पडलंय, आणि मासे धरणारे होड्या चिखलातून ओढत होते. काकू ओट्यावर चिलापी साफ करत बसलेल्या. कुत्री पोटाचे केस भादरलेल्या अवतारात, माशाच्या डोक्यांवर नजर लावून. मी काकूंना फोनवर त्या काचेचं चित्र दाखवलं.

"ह्ये जांभळं जांभळं काय?"

"ह्या आपल्या बाजूच्या पेशी, काकू. गाठीशी लढायला आल्यात."

काकूंनी हात पुसून फोन जवळ घेतला. "लढत्यात कुठं? नुसत्या हुब्या हायत."

"हे चित्र आहे, काकू."

"व्हय, पर लढल्या आसत्या तर गाठ वाढली का आसती?"

मग मला सगळं सांगावं लागलं, की काही लढतात, काही लढणाऱ्यांना अडवतात, आणि काही चक्क गाठीच्या कामाला लागतात. काकूंनी विचारलं, "आपल्यातल्याच?" मी म्हणालो, "आपल्यातल्याच." त्यांनी एक डोकं कुत्रीपुढे टाकलं, 'भक्षय', म्हणजे 'खा', असं न म्हणताच, आणि त्या ते म्हणेपर्यंत कुत्री थांबली. मग काकू म्हणाल्या, "बांधावर भांडान लागलं की समदं गाव धावतंय. सोडवाय कोन आलंय आन् काडी टाकाय कोन आलंय, ह्ये दुसऱ्या दिशी कळतंय. तुझ्या ह्यांचं दुसऱ्या दिशी काय झालं त्ये सांग."

"अजून दुसरा दिवस यायचाय, काकू."

"मग जेव. चिलापी हाय."

आता तुमच्या मुलाबद्दल. संस्कृतात तुम्ही त्याला कधी धड पास समजला नाहीत, पण तो चांगला माणूस झालाय. पुण्यात नोकरी, नव्या घरात आईसाठी वेगळी खोली, खिडकीत तुळशीची कुंडीसुद्धा. तुमच्या घरात तुळस नव्हती हे तो विसरला असेल, पण हेतू चांगला आहे. मागच्या हिवाळ्यात काकू अंगणातल्या हौदापाशी घसरून पडल्या. उठता येईना, आवाज निघेना. ही कुत्री कुंपणापाशी जाऊन इतकी भुंकली की शेजारची बाई शिव्या देत आली, आणि तिने काकूंना पाहिलं. ही गोष्ट ऐकून मुलगा म्हणाला, आई, आता पुण्याला चल. हीच गोष्ट ऐकवून काकू म्हणतात, "ही हाय तवर मी कुटं बी जायाची न्हाय. आन् तितं काय करू? हिला हगायला लिफ्टनं खाली न्यायाची व्हय?" मुलाने परवा मला फोन केला. "तू डॉक्टर आहेस, तू स्पष्ट सांग आईला." मी विचारलं, काय सांगू? तो म्हणाला, "कुत्री आहे तोवर आई येणार नाही, हे मला कळतं. तुला विचारावंसं वाटतं, किती दिवस? आणि विचारताना माझी मलाच लाज वाटते. तिनेच तर आईला वाचवलंय." मी म्हणालो, मलाही सांगता येत नाही. ते खोटं नव्हतं.

गेल्या रविवारी काकूंनी तिला उताणं पाडलं आणि मला हाक मारली. दुसऱ्या बाजूला, मधल्या सडापाशी, नवी गाठ, हरभऱ्याएवढी. या वेळी हळद नव्हती. मग दवाखान्यात आणून काढलेला छातीचा एक्सरे स्वच्छ आहे, पण तिच्या हृदयाला एक बारीक कुरकुर आहे. पहिल्या भुलेतून ती सावकाश बाहेर आली होती. मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली, "काढलीस तरी बरोबर, ठेवलीस तरी बरोबर. या वयात तिला दुखत नाहीये ना, ती खातेय ना, हेही मोजायचं असतं." त्या खास रंगांचा निकाल अजून आलेला नाही. पळसदेवला जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा काकूंनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या. कुत्रीच्या पोटावर हात होता, ती डोळे मिटून पडली होती.

"तुझं काय म्हननं हाय?" त्यांनी विचारलं.

"काढू," मी म्हणालो.

एवढं पटकन म्हणालो की माझं मलाच ऐकू आलं. काकू म्हणाल्या, "मग काढ. सरांचा इद्यार्थी हायस, उगंच सांगायचा न्हाईस." आणि चहा ठेवायला उठल्या.

काकूंना हे सगळं वाचून दाखवावं असं मनात आलं होतं, पण त्यांच्याविषयी इतकं लिहिलंय की त्या पहिल्याच पानावर मला घराबाहेर काढतील. तुमच्या मुलाला पाठवलं, तर त्याला उगीच वाटेल की मी त्याच्यावर ठपका ठेवतोय. तेव्हा हे कागद माझ्याकडेच राहतील.

सर, मला भूल देण्याची भीती नाही. तिच्या हृदयाची आहे, पण ती डॉक्टरची भीती, तिच्यावर इलाज असतात. मला भीती वाटते ती त्या 'काढू'ची. काकूंनी पुण्याला जायला हवं, हे मला कळतं. हौदापाशी त्या पुन्हा पडल्या आणि कुणाला ऐकू गेलं नाही, तर काय, हे मला त्यांच्या मुलाइतकंच कळतं. पण कुत्री गेली की त्या जातील, घराला कुलूप लागेल, आणि रविवारी मला जायला ठिकाण उरणार नाही. आई-वडील गेल्यापासून मला 'जेव' असं दटावून सांगणारं तेवढं एकच माणूस राहिलंय. तेवढं राहावं म्हणून तर मी एका म्हाताऱ्या, न दुखणाऱ्या, पोटभर जेवणाऱ्या जनावराला पुन्हा टेबलावर घेत नाही ना? गुरुवारी सकाळी काकू तिला घेऊन येतील, माझ्यावर विश्वास ठेवून. मी ते तिच्यासाठी करतोय, काकूंसाठी, की माझ्यासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.